पाळण्याखालचा तह

सिंगापूरहून परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" मी खरं ते सांगते, की मी सिंगापुरात उत्तर सीरिया पाहिला, तोसुद्धा लेकीच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये. विचारणारा माझ्याकडे काळजीने बघतो आणि ह्यांच्याकडे वळतो. मग हे त्याला बागेतल्या त्या उंच लोखंडी झाडांचं रसभरीत वर्णन ऐकवतात आणि तो सुटतो. माझं सांगणं कोणी पुरतं ऐकून घेत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

हौगांग

आमची मुक्ता हौगांगमध्ये राहते. एकेका मजल्यावर लांबलचक कॉरिडॉर, त्यात ओळीने दारं आणि प्रत्येक दाराबाहेर चपलांचा स्टँड. आम्ही पोचलो त्या सकाळी जावई ऑफिसच्या कामाला जकार्त्याला गेलेले, मुक्ता लॅपटॉपमध्ये बुडालेली आणि नात रिया शाळेत. हे पेपर शोधायला खाली गेले. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून कुठे कढीपत्त्याची कुंडी दिसते का ते बघत होते.

तेवढ्यात शेजारच्या दारातून एक गोऱ्यापान, धिप्पाड बाई आल्या. त्यांनी दाराशी असलेल्या चपलांच्या स्टँडवरून एक काळी, टाचा झिजलेली जोडी उचलली आणि हातभर लांब नेऊन ठेवली. त्या आत गेल्या. पाचच मिनिटांत दुसऱ्या एक बाई आल्या. या बारीक, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांनी ती काळी जोडी मुकाट्याने उचलली, पूर्वीच्या जागी ठेवली आणि गोऱ्या बाईंचे सँडल कठड्यापाशी सरकवले. आतून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"ते चालायचंच," मुक्ता लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली. "बाळाच्या दोन्ही आज्या आहेत. एक तुर्की, एक कुर्द."

हे नेमके तेव्हाच पेपर न मिळता परत आले होते. 'कुर्द' हा शब्द कानावर पडला मात्र, ह्यांचा चेहरा उजळला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ह्यांनी पश्चिम आशियाची जबाबदारी अंगावर घेतलेली आहे. पुण्यात सकाळच्या चहाला मला रोज सीमाप्रश्न ऐकावा लागतो आणि पोह्यांत मीठ कमी पडलं तरी त्याला महासत्ता कारणीभूत असतात.

शेजारची बाळंतीण होती रोजिन, सीरियातली कुर्द. कुठल्याशा प्रयोगशाळेत संशोधन करते. नवरा एमरे तुर्की, जहाजांचा इंजिनिअर. दोघं जर्मनीत शिकताना भेटली, प्रेमात पडली आणि घरच्यांपासून शक्य तितक्या लांब नोकऱ्या शोधत सिंगापूरला आली. आता बाळ झाल्यावर घरचे इथंही पोचले. एमरेची आई सेविम, म्हणजे त्या धिप्पाड बाई, तुर्कस्तानातून आणि रोजिनची आई गुले, म्हणजे त्या रुमालवाल्या, सीरियाच्या सीमेवरच्या गावातून. गुलेताईंच्या घराच्या गच्चीवरून म्हणे तुर्कस्तान दिसायचा. इतकी वर्षं नुसत्या लांबून एकमेकींच्या देशाकडे बघत असलेल्या या दोघी आता एका स्वयंपाकघरात आल्या होत्या.

त्या स्वयंपाकघराची व्यवस्था मी दुसऱ्याच दिवशी जाऊन पाहिली. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू घेऊन गेले होते. शेगडीची डावी बाजू सेविमताईंची, उजवी गुलेताईंची. फ्रिजचा वरचा कप्पा तुर्की, खालचा कुर्दी आणि मधल्या कप्प्यात दही. दही दोघींनाही लागतं, दोघीही त्याचं खारट ताक करतात आणि दोघींचीही खात्री आहे की ते मूळचं आपलं, समोरच्यांनी उचललेलं.

दोघींना एकमेकींची भाषा मुळीच येत नाही. सेविमताई तुर्कीत बोलणार, एमरे त्याचं इंग्रजी करणार, रोजिन त्या इंग्रजीचं कुर्दी करणार आणि मग ते गुलेताईंपर्यंत पोचणार. निघताना जो टोमणा असे तो पोचेपर्यंत हवापाण्याची चौकशी झालेला असे. माझ्यासमोरच सेविमताई गुलेताईंच्या भाताकडे बोट दाखवून चांगली चार वाक्यं बोलल्या. एमरेने घाम पुसला आणि इंग्रजीत सांगितलं, "आईला भात आवडला."

माझ्याशी बोलायला सेविमताईंकडे फोन होता. त्या फोनला तुर्कीत सांगत आणि फोन मला मराठीत. "माननीय शेजारीण, कृपया हे मिष्टान्न सेवन करा," असं फोन म्हणाला आणि बाकलावाची बशी पुढे आली. इतक्या आदराने मला माझ्या सासरी कधी कोणी वाढलेलं नाही. मी त्या क्षणी तुर्कस्तानच्या बाजूने झाले. संध्याकाळी गुलेताईंनी द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात पाठवला. त्यात इतकं बेताचं लिंबू पिळलेलं, की मी आघाडी बदलली.

"हेच," हे समाधानाने म्हणाले. "अगदी हेच चाललंय तिथं."

ईस्ट कोस्ट

भांडण कशावरून होतं ते मला ईस्ट कोस्टला कळलं. शनिवारी मुक्ता आम्हाला समुद्राकाठी घेऊन गेली. रोजिनलाही घेतलं, कारण तिला घराबाहेर पडायचं होतं आणि बाळाला दोन आज्या सांभाळत असल्या की आईची गरज फारशी उरत नाही.

काठाने सायकली, नारळीची झाडं, क्षितिजावर नांगरलेली जहाजं. खाण्याच्या जागी मात्र ही गर्दी! तेवढ्यात मला एक अख्खं टेबल रिकामं दिसलं. वर कागदी रुमालांचं एक कोरं पाकीटही होतं. मला वाटलं, काय सोय आहे बघा, सरकार घाम पुसायलासुद्धा देतं. मी बसले, पाकीट फोडलं, एकाने तोंड पुसलं, एकाने मान, आणि एक ह्यांना दिला.

"आजी! कॅनॉट ला!" रिया किंचाळली. "दॅट वन इज चोप!"

तिथं म्हणे टेबल अडवायचं तर रुमालांचं पाकीट ठेवून खुशाल निघून जायचं. कोणी त्याला हात लावत नाही. आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसंच, पण आपल्याकडे निदान भांडायला माणूस पाठोपाठ येतो. मी मात्र पाकीट फोडून एका चिनी कुटुंबाची हद्दच पुसून टाकली होती. ती माणसं हातात ट्रे घेऊन आली आणि माझ्याकडे, मग माझ्या मानेकडे बघत राहिली. मुक्ताने इतक्यांदा सॉरी म्हटलं की शेवटी त्यांनाच आमची दया आली आणि त्यांनी अर्धं टेबल दिलं.

मी 'कॅरट केक' मागवला. गाजराचा केक म्हणून जे आलं त्यात गाजरही नव्हतं आणि केकही नव्हता. मुळा होता आणि अंडं होतं. ते ह्यांच्यापुढे सरकवून मी उसाचा रस प्यायले.

रोजिन मघापासून हसत होती. मग एकदम म्हणाली, "आंटी, आमचं हेच झालंय. चार टेबलं आहेत. तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराण. चारही टेबलांवर आमचं पाकीट पहिल्यापासून ठेवलेलं. जो येतो तो त्याने तोंड पुसतो आणि बसतो."

ह्यांना राहवेना. ह्यांनी टेबलावरच्या मिरचीच्या आणि सोयाच्या वाट्या घेऊन सीमा मांडायला सुरुवात केली. अमेरिका म्हणजे चिली सॉस. तिने आधी कुर्दांना हाताशी धरून काळ्या झेंडेवाल्यांशी लढवलं. मग एक दिवस सैन्य बाजूला घेतलं. वाट मोकळी झाल्यावर तुर्कस्तान आत आला, सुरक्षित पट्टा हवा म्हणून. कुर्दांनी ज्या दमास्कसशी उभं वैर त्यालाच हाक मारली. मध्ये रशिया येऊन उभा राहिला. पुढे दमास्कसमधलं सरकारच बदललं आणि अमेरिकेची त्या नव्या सरकारशी गट्टी जमली. समोरच्या चिनी आजोबांना चिली सॉस हवा होता, पण अमेरिका अजून माघार घेत नव्हती म्हणून ते थांबले होते.

"बरोबर ना?" ह्यांनी रोजिनला विचारलं. कुर्दाला कुर्दांचा प्रश्न समजावून सांगून वर खात्री करून घेणारा माणूस फक्त आमच्या पेठेत तयार होतो.

"बरोबर," रोजिन म्हणाली. "तो पट्टा आहे ना अंकल, मिरचीच्या वाटीखालचा, तिथं आमचं गाव आहे."

ह्यांनी वाटी उचलली.

मग ती सावकाश सांगत गेली. तिची मोठी बहीण बेरीवान. बेरीवान म्हणजे दूध काढायला जाणारी, आपली गवळण. काळे झेंडेवाले गावावर आले तेव्हा ती बंदूक घेऊन गेली आणि परत आली ती पुरायलाच. गावाबाहेर तिची कबर आहे. पुढे तो भाग तुर्की सैन्याच्या ताब्यात गेला, घरच्यांना पळावं लागलं आणि तेव्हापासून गुलेताईंना लेकीच्या कबरीवर जाता आलेलं नाही. त्यांना बाळाचं नाव बेरीवान हवं होतं. पुढच्या रविवारी त्यांचा व्हिजिट पास संपत होता. त्याआधी एकदा ते नाव घेऊन कोणाला तरी हाक मारलेली त्यांना ऐकायची होती.

"आणि सासूबाई?"

"एमरेचा धाकटा भाऊ लष्करात होता. त्याच सीमेवर कुर्दांशी लढताना त्याचा पाय गेला." रोजिन समुद्राकडे बघत म्हणाली. "त्या म्हणतात, बेरीवानच्या फोटोतला गणवेश बघितला की मला माझ्या पोराचा पाय दिसतो. त्या नावाने मी घरात हाक कशी मारू? त्यांना एलिफ ठेवायचंय. आंटी, मला कोणाचा राग करता येत नाही, तोच त्रास आहे."

 मी तिला दुसरा उसाचा रस आणून दिला.

नोव्हेना

मंगळवारी बाळाला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. एमरेला रजा नव्हती, म्हणून मी गेले. नोव्हेना म्हणजे दवाखान्यांचंच गाव आहे. स्टेशनातून वर आलं की इमारतीच इमारती आणि आत हवा इतकी गार की धडधाकट माणूसही शाल मागेल. मी ह्यांचा स्वेटर चढवून बसले होते. माझ्या एका बाजूला तुर्कस्तान, दुसऱ्या बाजूला कुर्दिस्तान. मध्ये बसायला मलाच सांगितलं होतं.

बाळाला नाव नसल्यामुळे नर्सने "बेबी ऑफ रोजिन" असा पुकारा केला. दोघी आज्या एकदम उठल्या. दार एका माणसाचं. दोघी त्यात अडकल्या आणि कोणीच मागे सरेना. नर्सने पलीकडून अदबीने विचारलं, "मॅडम, विच वन इज ग्रँडमदर?" दोघींनीही हात वर केला.

रोजिन तिथेच, वजनाच्या काट्यापाशी, रडायला लागली. एरवी हसरी मुलगी, पण बाळंतपणानंतरचे दिवस आणि झोप नाही. "माझ्या मुलीला शेवटपर्यंत बेबीच म्हणणार का हे लोक?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला भडभडून आलं. आणि भडभडून आलं की मी हमखास काहीतरी कबूल करून बसते.

"आपण बारसं करू," मी म्हणाले.

मी तिला माझ्या मोडक्या इंग्रजीत समजावलं. आमच्यात नाव ठेवायचं ते आत्याने. पाळण्याच्या एका बाजूची बाई बाळाला पाळण्याखालून पलीकडच्या बाईकडे देते, पलीकडची ते वरून परत देते आणि देताना "अमुक घ्या" म्हणते. आमच्यात देवांची नावं घेतात. इथं दोघी आज्यांनी आपापल्या मनातलं नाव घ्यावं, म्हणजे दोघींचंही एकदा उच्चारून होईल. मग आत्या बाळाच्या कानात खरं नाव सांगते आणि तेच कायम. ते काय, हे तू आणि एमरे ठरवा.

"एमरेला बहीण नाही. आणि आम्हाला ठरवता येत असतं तर..." तिने डोळे पुसले. "आंटी, आत्या तुम्ही व्हा. तुम्ही सांगाल ते नाव."

सिंगापुरात म्हणे एकमेकांचे वैरी देश येऊन हात मिळवून जातात, कारण जागा तटस्थ. मला वाटलं, आपणही तितक्याच तटस्थ. संध्याकाळी हे ऐकून ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, आजवर जो मध्ये पडला तो हेच म्हणत पडला."

पुन्हा हौगांग

बुधवारी दुपारी बेल वाजली. बाकलावा घेऊन सेविमताई. फोन म्हणाला, "माननीय आत्या, कानात एलिफ सांगण्याची कृपा व्हावी. माझा पुत्र दुःखी आहे." समोर बशी, समोर आईचे डोळे. मी हो म्हणाले.

गुरुवारी सकाळी गुलेताई आल्या. त्यांच्याकडे फोनही नव्हता. त्यांनी रुमालाच्या गाठीतून एक फोटो काढून माझ्या हातात दिला. गणवेशातली हसरी मुलगी, केसांची लांब वेणी. "बेरीवान," त्या म्हणाल्या आणि माझा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला. मी हो म्हणाले.

पुणेरी माणूस तोंडावर नाही म्हणतो अशी जगभर ख्याती आहे. ऐन वेळी ती माझ्या कामी आली नाही.

"तू इंग्रज झालीस," हे म्हणाले. "पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी अगदी असंच केलं. एका तहात कुर्दांना देश द्यायचं लिहून दिलं आणि पुढच्या तहात त्या देशाचा उल्लेखसुद्धा नाही."

"मग मी आता काय करू?"

"त्यांनी जे केलं ते करू नकोस," एवढं सांगून हे फिरायला निघून गेले. त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

शुक्रवारी बारसं. एमरेने अर्ध्या दिवसाची रजा काढली. वरच्या मजल्यावरच्या मलाय बाईंनी त्यांचा पाळणा दिला. कापडाची झोळी, वर जाडजूड स्प्रिंग. झोका द्यायचा नाही, नुसतं खाली ओढून सोडायचं. तो मजबूत आहे का हे बघायला ह्यांनी वाकून ओढून सोडला आणि वर आलेली झोळी ह्यांच्या हनुवटीवर बसली. त्यानंतर बराच वेळ ह्यांनी कुठल्याच प्रश्नावर मत दिलं नाही.

मी घुगऱ्या केल्या होत्या. त्या बघून सेविमताई चकित झाल्या. त्यांच्याकडे बाळाला पहिला दात आला की गहू आणि हरभरे शिजवून वाटतात. हे गुलेताईंपर्यंत भाषांतरित झालं आणि त्याही उत्साहाने मान हलवायला लागल्या, त्यांच्याकडेही तेच. दोघींमध्ये पहिल्यांदा एकमत झालं आणि ते जेमतेम मिनिटभर टिकलं. मग मूळ प्रथा कोणाची यावरून जुंपली.

शेवटी दोघी पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.  बाळ आधी गुलेताईंच्या हातात होतं. मी खूण केली. त्या वाकल्या आणि त्यांनी बाळ पाळण्याखालून पुढे केलं. सेविमताईंनी ते घेतलं. आता गुलेताईंनी नाव घ्यायचं. तेवढ्याचसाठी मी हा सगळा घाट घातला होता. गुलेताईंनी एकदा बाळाकडे पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "एलिफ."

मला वाटलं त्यांना विधी नीट कळला नाही. रोजिनने घाईघाईने कुर्दीत विचारलं. गुलेताई काय बोलल्या ते तिने रडत रडत इंग्रजीत सांगितलं आणि एमरेने आईला तुर्कीत. यावेळी कोणी मध्ये काही गाळलं नाही. "मी परवा जाईन. हिला तुम्ही वाढवाल. जे नाव घेताना तुमचा जीव दुखेल त्या नावाने तुम्ही तिला हाक मारणार नाही. माझ्या नातीला कोणी हाक मारत नाही, असं मला नको."

 आता सेविमताईंनी बाळ पाळण्यावरून परत द्यायचं होतं. त्यांनी ते दिलं नाही. बाळ छातीशी धरून त्या टेबलापाशी गेल्या, फोन उचलला आणि एका हाताने नंबर लावला. मला वाटलं झालं, बोलणी फिसकटली. पलीकडे तुर्कस्तानात सकाळ होती. पडद्यावर एक दाढी वाढलेला तरुण दिसला, मागे भिंतीला टेकवलेल्या कुबड्या. तो त्यांचा धाकटा. सेविमताईंनी बाळाचा चेहरा फोनसमोर धरला आणि त्या म्हणाल्या, "बघ. बेरीवान."

हे एक नाव मला भाषांतराशिवाय कळलं. बाकीचं एमरेने नंतर सांगितलं.  धाकट्याने विचारलं, "कोणाचं नाव हे?" सेविमताईंनी त्याला सगळं सांगितलं, कबरीचंसुद्धा.  मग तो म्हणाला, "आई, नाक तर आपलंच आलंय. नाव त्यांचं राहू दे."

सेविमताई परत आल्या. त्यांनी बाळ पाळण्यावरून गुलेताईंच्या हातात दिलं आणि पुन्हा एकदा मोठ्याने नाव घेतलं. गुलेताईंनी बाळाला झोळीत ठेवलं. मी वाकले आणि त्या इवल्याशा कानात ते नाव सांगितलं. 

नाव सांगून झालं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, हे मुक्ताने त्या दोघींना आधीच सांगून ठेवलं होतं. लेक आहे माझी! सेविमताईंनी बाह्या सावरल्या आणि असा धपाटा घातला की मला बुधवारचा सगळा बाकलावा आठवला. मग गुलेताईंनी हात उगारला. मी डोळे मिटून वाट बघत राहिले. त्यांचा हात पाठीवर आला तो अलगद, आणि तिथेच राहिला. त्या माझ्या पाठीला कपाळ टेकून मुसमुसत होत्या आणि मधूनमधून थोरल्या लेकीला हाक मारत होत्या. पाळण्यातलं बाळ दर हाकेला कुरकुरत होतं. मी तशीच वाकून उभी राहिले.